क्लॅम कधी टाकायचा? आधी दोन महिन्यांची वही दाखव

पत्र: "ताई नमस्कार. मी न्यू जर्सीत असतो. माझा ७५ गॅलनचा रीफ टँक (खाऱ्या पाण्यातला, कोरल्सचा) आहे, येत्या आठवड्यात नऊ महिने पूर्ण होतील. दोन क्लाउन, एक यलो टँग, एक फ्लेम एंजल, एक सिक्स लाइन रॅस असे मासे आणि सॉफ्ट कोरल्स भरपूर, दोन महिन्यांपासून दोन मोंटिपोरा (कठीण कोरल) पण आहेत. पाणी एकदम क्लीन, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आल्कलिनिटी ८.६, कॅल्शियम ४३०. मला निळा मॅक्सिमा क्लॅम (रंगीत मोठा शिंपला) घ्यायचाय, दुकानात एक दीड इंची आलाय, अप्रतिम आहे. दुकानवाला म्हणतो सहा महिने झाले की टाकता येतो, मित्र म्हणतो वर्ष थांब. डिसेंबरमध्ये तीन आठवडे भारतात जातोय, त्याआधी टाकून सेट करावा असं मनात आहे. टँक तयार आहे का? आणि माझा पुण्यातला चुलत भाऊ फोटो बघून वेडा झालाय, त्यालाही असाच टँक करायचाय. — निळ्यासाठी थांबलेला"

अरे, आधी उत्तर सांगून टाकते म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. आत्ता टाकू नकोस. तो दुकानातला दीड इंची तर मुळीच नको, आणि भारतात जायच्या आधी कुठलाच नको. पण नाराज पण होऊ नकोस, तुझ्या पत्रावरून तू फार लांब आहेस असं वाटत नाही, सगळं नीट जमलं तर मार्च-एप्रिलमध्ये तुझ्याकडे क्लॅम असेल आणि तो जगेल. आता का ते सांगते, जरा लांबण लागेल.

सहा महिने की वर्ष, यात दुकानवाला आणि मित्र दोघंही चुकीचं बोलत नाहीयेत, पण दोघंही कॅलेंडर बघतायत. महिने मोजायचं कारण असं की नवीन टँकमध्ये सुरुवातीला सगळंच हलत असतं, आधी ते ब्राउन डायटम येतात, मग हिरवं शेवाळ, मग कधी लाल सायनो, खडकातले बॅक्टेरिया अजून नीट बसलेले नसतात आणि आपण पण रोज काहीतरी बदलत असतो, हा पंप हलव, ती लाइट वाढव, फिल्टरमध्ये नवीन मीडिया टाक. सहा-आठ महिन्यांत हे साधारण शांत होतं म्हणून लोक सहा म्हणतात, वर्ष म्हणतात. पण मी दोन वर्षांचा टँक बघितलाय ज्यात दर महिन्याला काहीतरी कोसळायचं आणि आठ महिन्यांचा बघितलाय जो एका लयीत चालला होता. म्हणून मी वय विचारत नाही, वही विचारते. तू मला आजचे आकडे पाठवलेस. आल्कलिनिटी (म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा) आठ पॉइंट सहा, कॅल्शियम चारशे तीस, छानच आहेत. पण गेल्या आठवड्यात किती होते? त्याच्या आधीच्या? मधे एकदा खाली गेले आणि तू ओढून वर आणलेस असं झालं का? मला दोन महिन्यांचे आकडे हवेत, तारखेसकट, आणि बाजूला त्या दिवशी काय केलंस ते.

हे मी एवढं का ताणतेय, कारण माझा पहिला क्लॅम असाच गेला. २०११ ची गोष्ट, टँक पाच महिन्यांचा, क्लॅम क्रोसिया जातीचा, जांभळा, जेमतेम दोन इंच. आणला त्या दिवशी सगळं टेस्ट केलं, आकडे उत्तम. अडीच आठवड्यांनी परत टेस्ट केली (मधे केलीच नव्हती, हीच माझी चूक) तर आल्कलिनिटी सातवर आलेली, मी घाबरले आणि एका संध्याकाळी पावडर विरघळवून थेट अकरावर नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट लागली तरी क्लॅम उघडला नाही, मँटलची, म्हणजे तो जो रंगीत मांसल पडदा शिंपल्याबाहेर पसरतो त्याची, कड आत ओढलेली, आणि आठवड्याभरात खेळ संपला. नंतर कित्येक दिवस मी समजत होते की सात हा आकडा वाईट होता. क्लॅम सातवर जगला असता, एका रात्रीत चार डीकेएचची (आल्कलिनिटी याच मापात मोजतात) उडी त्याला झेपली नाही.

तर आता काय कर ते सांगते. सात दिवस रोज एकाच वेळेला, म्हणजे समज रोज रात्री जेवणं झाल्यावर, आल्कलिनिटी मोज आणि लिही. या सात दिवसांत काहीही बदलू नकोस, पाणी बदलू नकोस, डोसिंग करत असशील (म्हणजे खर्च झालेलं मोजून परत घालत असशील) तर जसं चाललंय तसंच चालू दे. आठवडाभर आकडा अर्ध्या डीकेएचच्या आत खेळत राहिला तर उत्तम. रोज थोडा थोडा उतरत असेल तर तुझे मोंटिपोरा आणि खडकावरचं कोरलाइन शैवाल ते खातायत, ही चांगलीच बातमी आहे, फक्त तेवढं रोज परत द्यायची सोय आधी लाव. हिशोब सोपा आहे, एक डीकेएच आल्कलिनिटी खर्च होते तेव्हा साधारण सात पीपीएम कॅल्शियम त्याबरोबर जातं, म्हणून टू-पार्टच्या, म्हणजे एक आल्कलिनिटीची आणि एक कॅल्शियमची अशा, दोन्ही बाटल्या सारख्याच मापात चालतात. डोसिंग पंप लाव, हाताने घालायचं लक्षात राहत नाही, ऑफिस, पोरं, ट्रॅफिक, कुठेतरी एक दिवस राहतोच. क्लॅम आला की हा खर्च वाढतो कारण त्याचं अख्खं कवच यातूनच बनतं, जोमाने वाढणाऱ्या क्लॅमच्या शिंपल्याची वरची कड पांढरीशुभ्र दिसते, ती नवीन वाढ. म्हणजे आधी टँकची भूक माहीत पाहिजे, मग नवीन तोंड वाढवायचं.

सॉल्टचं पण तेच. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५-१.०२६ वर स्थिर पाहिजे, आणि थंडीत घरात हीटिंग चालू असलं की हवा एवढी कोरडी होते की पाणी भराभर उडतं, तेव्हा एटीओ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) नसेल तर आधी एटीओ घे, क्लॅम नंतर. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन फ्लुइडवर तपासून घे, साध्या पाण्यावर शून्य आला म्हणजे वर पण बरोबरच दाखवेल असं नसतं. मॅग्नेशियम १२५० ते १३५० च्या आसपास असू दे. टेंपरेचर २५-२६ सेल्सिअस, हीटरला वेगळा कंट्रोलर असेल तर जास्त बरं.

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य जे तू अभिमानाने लिहिलंस आणि जे वाचून मी सगळ्यात जास्त थबकले. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, एकदम क्लीन. अरे, क्लॅमसाठी हे रिकामं ताट आहे! त्याच्या मँटलमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं, त्याच्या पोटापासून निघालेल्या बारीक बारीक नळ्यांच्या जाळ्यात, आणि ते शैवाल उजेडावर साखर करून क्लॅमला देतं. पण शैवाल म्हणजे शेवटी पीकच, नुसत्या उन्हावर पीक येतं का, खत नको? क्लॅम पाण्यातला अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट सरळ ओढून घेतो आणि या शैवालाला पुरवतो. तुझ्या पाण्यात ते नाहीच. वरून शून्य-शून्य पाण्यात डायनोफ्लॅजेलेट्स माजायची भीती असते, ते तपकिरी बुडबुडेवालं चिकट जाळं, एकदा आलं की महिनोन्महिने पाठ सोडत नाही.

म्हणून पाणी थोडं 'घाण' कर. खरंच सांगतेय. फॉस्फेट ओढणारा मीडिया लावला असशील तर काढ, एकदम नाही, आधी निम्मा. स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) दिवसाचे काही तास बंद ठेव किंवा जरा कोरडा, म्हणजे फेस कमी निघेल असा, चालव. माशांना थोडं जास्त घाल, फ्लेक्सच्या ऐवजी फ्रोझन. तरीही दोन-तीन आठवड्यांत नायट्रेट हललं नाही तर सोडियम नायट्रेटचं सोल्युशन मिळतं ते थेंबाथेंबाने. नायट्रेट पाचच्या आसपास, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मध्ये, आणि मग ते तिथेच राहतंय का ते बघायचं, तिथेही सात दिवसांची वही. हा बदल अंगवळणी पडायला टँकला महिना-दीड महिना लागेल, मधे काचेवर जास्त शेवाळ येईल, ते पुसायचं आणि घाबरून मीडिया परत लावायचा नाही.

क्लॅम पाणी गाळून पण खातो, म्हणून लोक फायटोप्लँक्टनच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालाच्या) बाटल्या विकत घेतात. घालायला हरकत नाही, पण माझं स्पष्ट मत आहे की तीन इंचांच्या वरच्या क्लॅमला उजेड आणि थोडं नायट्रेट मिळालं की बाटलीची गरज नसते, आणि उजेड कमी असेल तर कितीही बाटल्या ओतल्या तरी ती भरपाई होत नाही.

आणि उजेडाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. मॅक्सिमा आणि क्रोसिया हे उथळ पाण्यातले जीव, डोक्यावर रणरणतं ऊन असतं तिथले. लाइट डोळ्याला भगभगीत दिसते यावर जाऊ नकोस, निळ्या एलईडीत आपल्या डोळ्याला काही कळत नाही. पार मीटर (शैवालाला उपयोगी पडणारा उजेड मोजणारं यंत्र) आण, विकत नको, महाग असतो, रीफ क्लबवाले किंवा एखादं दुकान आठवड्यासाठी भाड्याने देतं. जिथे क्लॅम ठेवणार नेमकं तिथे सेन्सर धर. डेरासा किंवा स्क्वामोसा या जातींसाठी १५०-२०० च्या पुढे चालतं, मॅक्सिमाला मी २५० च्या खाली ठेवणार नाही, ३०० च्या वर असेल तर निर्धास्त. यात फसवं काय आहे माहितीये, कमी उजेडातला क्लॅम लगेच मरत नाही. तो दोन-तीन महिने छान दिसतो, उघडतो, मिटतो, आपण फोटो काढतो, आणि आतून साठा संपत असतो, मग एके दिवशी मँटल फिकट, बारीक, आणि आपण म्हणतो काल तर बरा होता. म्हणून तीन महिने जगला म्हणजे जमलं असं मी धरत नाही, मी पांढरी कड बघते, कवच वाढतंय का ते.

निळ्या रंगाबद्दल पण एक सांगून ठेवते, पैसे टाकायच्या आधी. तो निळा रंगद्रव्याचा नसतो, मँटलमध्ये इरिडोसाइट नावाच्या पेशी असतात त्या प्रकाश परतवतात, विखुरतात, त्यातून तो दिसतो. त्यामुळे वरून बघितलं की डोळे दिपतात आणि समोरच्या काचेतून तोच क्लॅम निम्मा मळकट दिसू शकतो. दुकानात उथळ ट्रेमध्ये आपण वरूनच बघतो ना, तिथेच भुलतो. तू दुकानात शक्य असेल तर खाली बसून बाजूने बघ, घरी तुला तोच दिसणार आहे. उंच खडकावर ठेवलास तर आणखीनच बाजूने. मला अजूनही मॅक्सिमा आवडतात, पण मी ते खालच्या बाजूला, वाळूत सपाट दगड ठेवून त्यावर ठेवते आणि लाइट तेवढी ताकदीची घेते.

आता फ्लेम एंजल. तू यादीत सहज लिहून गेलायस. ही सेंट्रोपायजी, म्हणजे छोट्या एंजल माशांची, मंडळी दिवसभर खडक टोचत फिरतात आणि क्लॅमचं मँटल त्यांना खाऊ वाटतो. सगळेच टोचतात असं नाही, काहींच्या टँकमध्ये वर्षानुवर्षं सुखाने चालतं, पण आज नाही टोचलं म्हणून उद्या टोचणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि टोचलेला क्लॅम सारखा मिटून बसतो, मिटला की उजेड नाही, उजेड नाही की उपाशी. ७५ गॅलनमधून खडक न उपसता तो मासा पकडणं काय असतं ते तू करून बघच. म्हणून हे आत्ता ठरव, क्लॅम आणल्यावर नाही. मी तुझ्या जागी असते तर एंजलला चांगलं घर शोधलं असतं. टँग, क्लाउन यांचा साधारणपणे त्रास नसतो. सिक्स लाइन रॅस तर तुझ्या उपयोगाचा आहे, त्याच्याकडे येतेच. खडकात एप्टेशिया (छोटे सी ॲनिमोन) असतील तर त्या पण आधी संपव, डंख मारतात, आणि क्लॅम काही उठून पळू शकत नाही. कॉपरवालं कुठलंही औषध या टँकमध्ये गेलेलं असेल तर तसं मला लिही, शिंपल्यांना कॉपर म्हणजे विष.

दुकानातल्या त्या दीड इंचीबद्दल. क्लॅम जितका लहान तितका त्याचा साठा कमी आणि चुकीला जागा कमी. तीन इंचांच्या खाली पहिला क्लॅम घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, थोडे पैसे जास्त जातील. आणि कुठला घ्यायचा? डेरासा सगळ्यात समजूतदार, शिवाय पलाऊ वगैरे बेटांवर कित्येक वर्षांपासून फार्ममध्ये वाढवलेला मिळतो, पण तो दीड-दोन फुटांपर्यंत जाणारा प्राणी आहे आणि भराभर वाढतो, तुझ्या टँकला काही वर्षांत तो पुरून उरेल. स्क्वामोसा चाळीस सेंटीमीटरच्या आसपास थांबतो, कवचावर सुंदर पंखे पंखे असतात, उजेड जरा कमी चालतो. मॅक्सिमा तीस-पस्तीस. तुझा जीव निळ्यातच अडकलाय हे मला कळतंय, तर पार ३०० मिळत असेल तर तीन-साडेतीन इंची मॅक्सिमाला माझी ना नाही, नाहीतर स्क्वामोसा.

निवडताना काय बघायचं? आमच्याकडे मालवणात शिवल्या साफ करताना आई उघड्या शिवलीला टिचकी मारायची, मिटली तर टोपात, नाही मिटली तर बाहेर. इथे टिचकी नको, नुसती हाताची सावली पुरते. क्लॅमच्या मँटलच्या कडेला शेकडो बारीक डोळे असतात, हात वरून फिरवला की चांगला क्लॅम झटकन आवरून घेतो आणि थोड्या वेळात परत पसरतो. सुस्त असेल, हळूहळू हलत असेल तर सोडून दे. मधलं तोंड, ज्यातून पाणी आत घेतो ते, भोकासारखं आ वासलेलं असेल तर सोडून दे. मँटलची कड कुठे चिमटल्यासारखी वर ओढलेली असेल तरी सोडून दे, कितीही निळा असला तरी. आणि खालची बाजू बघायला माग. खाली मधोमध फट असते, तिथून बिसल धागे निघतात, मजबूत दोऱ्यांसारखे, त्यानेच तो दगड धरून बसतो. माझ्यासमोर एका दुकानातल्या पोराने चिकटलेला क्लॅम बटाटा उपटावा तसा ओढून काढला होता, धाग्यांबरोबर आतला मऊ भाग पण आला, आणि मला तेव्हा माहीत नव्हतं म्हणून मी तो घेतला. चार दिवस. धागे ब्लेडने दगडाजवळ कापायचे, किंवा दगडासकट घ्यायचा, ओढायचा कधीच नाही, घरी जागा बदलताना पण नाही.

आणल्यावर पहिल्या काही रात्री झोप थोडी उशिरा. पिरॅमिड स्नेल्स म्हणून एक बारीक पांढरी गोगलगाय असते, अगदी तांदळाच्या कणीएवढी, ती दिवसा कवचाच्या खाली, खवल्यांच्या आडोशाला लपते आणि रात्री वर येऊन मँटलमध्ये सोंड खुपसून रस पिते. लाइट बंद होऊन दोन-तीन तास झाले की टॉर्च घे, कवचाची वरची कड आणि खालची फट बघ. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाळूचे दाणे वाटले, मग एक दाणा हलला. शक्य असेल तर क्लॅम आधी वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेव (तिथेही उजेड पाहिजे हं), कवच जुन्या टूथब्रशने हळूच घास, मँटलला लागू देऊ नकोस, कवचावर पारदर्शक जेलीसारखे ठिपके दिसले तर ती अंडी, ती पण घासून काढ. दर दोन-तीन दिवसांनी परत, दोनेक आठवडे तरी. तुझा सिक्स लाइन या गोगलगाई वेचून खातो म्हणून म्हटलं उपयोगाचा आहे, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नकोस, फटीच्या आत त्याचं तोंड पोचत नाही.

लाइटची सवय पण हळूच लाव, पहिले दोन-तीन आठवडे तीव्रता तीस टक्के कमी करून मग आठवड्या-आठवड्याला वाढव. पंपाचा झोत थेट त्याच्यावर नको, मँटल हलकं डोलेल इतपतच.

आता भारताचा प्रवास. तुला वाटतंय जायच्या आधी टाकून सेट करावा. मी उलटं म्हणतेय, हा प्रवासच तुझी परीक्षा होऊ दे. तीन आठवडे तू नसणार, शेजारी किंवा मित्र येऊन माशांना घालणार, डोसिंग पंप आणि एटीओ आपापलं करणार, थंडीत खिडक्या बंद असल्याने घरातला कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच खाली येणार (७.८ दिसला तर घाबरू नकोस, तू नसशील तेव्हा कदाचित सुधारेलही, माणसं कमी म्हणून), एखादं स्नोस्टॉर्म आलं तर लाइट जाणार, त्यासाठी बॅटरीवरचा एअर पंप लावून जा. माशांच्या खाण्याचे डोस वारांचे कप्पे असलेल्या गोळ्यांच्या डबीत घालून ठेव, नाहीतर प्रेमापोटी कोणीतरी मूठभर घालतं. या सगळ्यातून टँक तू सोडून गेलास त्याच आकड्यांवर तुला परत भेटला तर मी डोळे झाकून म्हणेन की तयार आहे. नाही भेटला, तर कुठे घसरलं ते कळेल, आणि कळेल तेव्हा आत क्लॅम नसेल. क्लॅम जर तू तिकडे असताना मेला, तर त्याचं मांस कुजून दोन दिवसांत पाणी खराब होतं आणि मग मासे पण जातात, ते फोनवरून शेजाऱ्याला निस्तरायला सांगणं कोणाच्याच वाट्याला येऊ नये. शिवाय जानेवारीच्या बर्फात कुरियरने जिवंत प्राणी मागवूच नये, म्हणून म्हटलं मार्च-एप्रिल.

घेताना फार्ममध्ये वाढवलेलाच घे आणि दुकानदाराला तसं विचार. ट्रिडॅक्नाच्या, म्हणजे या मोठ्या क्लॅमच्या, सगळ्या जाती साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, परवानगीशिवाय त्या देशांच्या सीमा ओलांडत नाहीत. त्यात जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआने (समुद्र आणि हवामान बघणारी सरकारी संस्था) मोठ्या क्लॅमच्या दहा जातींना एन्डेंजर्ड स्पीशीज ॲक्ट या धोक्यातल्या जातींच्या कायद्याखाली आणायचा प्रस्ताव मांडला, त्यात मॅक्सिमा पण आहे, तो दुसऱ्या जातींसारखा दिसतो म्हणून. तेव्हा पैसे द्यायच्या आधी त्या आठवड्यातला नियम काय आहे ते नोआच्या साइटवर बघ, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस.

आणि पुण्याच्या भावाला माझ्या वतीने सांग, नको. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत मॅक्सिमा आणि स्क्वामोसा नावानिशी आहेत, हिप्पोपस हा क्लॅम पण आहे, आणि सगळी कठीण कोरल्स, सी फॅन्स, सगळे सीहॉर्स सुद्धा. वाघ ज्या अनुसूचीत आहे ती ही. तीन ते सात वर्षं कैदेची तरतूद आहे. कोणी 'लाइव्ह रॉक, कोरल मिळेल' म्हणून मेसेज करत असेल तर ते लक्षद्वीप नाहीतर कुठल्यातरी आपल्याच रीफमधून तोडून आणलेलं असायची शक्यता मोठी, आणि आपल्याकडे रीफ आहेत तरी किती! त्याला खरंच ओढ असेल तर मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखाली कोरल बघू दे, आणि पैसे साठवून एकदा लक्षद्वीपला, तिथे उथळ लगूनमध्ये खडकात रुतून बसलेले मॅक्सिमा बघायला मिळतात, वरून, जसे बघायचे असतात तसे. घरी टँक हवाच असेल तर गोड्या पाण्याचा प्लांटेड टँक करू दे, त्यातही शिकण्यासारखं अपार आहे.

तर तुझं वेळापत्रक असं, आज रात्रीपासून वही, पहिले सात दिवस झाले की फॉस्फेटचा मीडिया निम्मा, एंजलसाठी घर शोधायला सुरुवात, निघायच्या आधी पार मीटर एकदा आणून बघ. आणि जानेवारीत एअरपोर्टवरून घरी आलास की बॅगा उघडायच्या आधी, चिवडा-लाडू बाहेर काढायच्या आधी, आल्कलिनिटी आणि नायट्रेट मोज आणि ते दोन आकडे मला पाठव.